डोळ्यांचा नंबर न काढणारी लॅब

आमच्या लॅबमध्ये डेटा कमी आणि किस्से जास्त गोळा होतात, असं मॅडम वैतागून म्हणतात. खरं आहे ते. डेटासाठी माणूस शोधावा लागतो, त्याला समजवावं लागतं, मशीन सुरू व्हावं लागतं आणि तेवढा वेळ वीज टिकावी लागते. किश्शाला यातलं काहीच लागत नाही. उलट मशीन बंद पडलं की तो जास्त लवकर होतो.

आधी माणसं सांगतो, म्हणजे पुढे घोळ नको. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात जिन्यामागच्या बोळातून आत गेलं की एक खोली लागते. भिंती काळ्या, खिडक्यांना जाड पडदे. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूला कसं कळतं, याचा अभ्यास तिथे चालतो. नेवरेकर मॅडम प्रमुख. प्रज्ञा त्यांच्याकडे पीएच.डी. करते. निलेश लॅब असिस्टंट, मिरकरवाड्याचा, घरचे सगळे मासळीच्या धंद्यात. आणि मी सावंत, फिजिक्सचा मास्तर, कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं या एका गुन्ह्यासाठी तिथे अडकलेला.

शिवाय खेडेकर सर. ते कॉमर्सचे हेड, आणि त्यांना आमची खोली हवी होती. त्यात त्यांची काही चूक नव्हती. प्राचार्यांनी खोली मॅडमना कबूल केली होती आणि खेडेकर सरांनाही, दोघांनाही वेगवेगळं बोलावून, चहा पाजून. शेवटी ठरलं की विद्यापीठाची समिती येईल. लॅबचा उपयोग होतोय असं तिला पटलं तर खोली आमची, नाहीतर कॉमर्सची.

मॅडमना दुसरी खोली मिळाली असती, पण दिवसा काळोख होईल अशी दुसरी खोली कॉलेजात नाही. आणि काळोख नाही तर प्रज्ञाचे प्रयोग नाहीत. पुण्याला जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं तिला घरून जमणारं नव्हतं. "खोली गेली की माझंही संपलं, सर," असं ती एकदाच म्हणाली आणि परत कोड लिहायला लागली. तेव्हापासून खेडेकर सर बोळात दिसले की मी लॅबचं दार आतून लावून घ्यायचो.

* * *

आमचं सगळं शिक्षण फुकटातलं. आमच्या विषयात ही एक मोठी सोय आहे. चांगलं पाठ्यपुस्तक वेबसाइटवर फुकट, मोठमोठ्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट, प्रयोग चालवायची सॉफ्टवेअर लोकांनी लिहून फुकट ठेवलेली. मॅडमनी पहिल्याच दिवशी प्रज्ञाला बजावलं होतं, "पैसे लागले असते तर आपण या विषयाच्या वाटेला गेलोच नसतो. तेव्हा फुकटचं आहे म्हणून हलकं समजू नकोस."

प्रज्ञाने घरी एका परदेशी प्राध्यापकाची लेक्चर्स लावायला सुरुवात केली. तो बोलायचा भराभर, म्हणून ती व्हिडिओचा वेग कमी करायची. तिची आई शेजारी बसून तांदूळ निवडायची. इंग्रजीचा गंध नाही, पण आवाज रोज कानावर.

तीन-चार दिवसांनी आई म्हणाली, "ह्या मास्तराला बरं नाय वाटतं. शब्द जड पडतायत त्याचे."

"नाही गो आई, मीच हळू केलाय त्याला."

"तू कशाला हळू करतेस? त्याला घरी जायचं नसेल?"

पुढे परीक्षा आली. उजळणीसाठी प्रज्ञाने तीच लेक्चर्स दुप्पट वेगाने लावली. आईने थोडा वेळ ऐकलं, समाधानाने मान हलवली आणि म्हणाली, "बरा झाला बाबा. आता सुटलाय बघ घराकडं."

* * *

प्रयोगाला माणसं लागतात. पडद्यावर पांढरे ठिपके इकडेतिकडे पळतात, त्यातले काही मिळून एका बाजूला सरकतात. बसलेल्या माणसाने ते डावीकडे चाललेत की उजवीकडे, एवढं बटण दाबून सांगायचं. मॅडमना सगळ्या वयाची, सगळ्या कामांतली माणसं हवी होती. निलेश म्हणाला, "माणसांचं माझ्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी बोळात ही रांग. अर्धा मिरकरवाडा लोटला होता. एक काका पहिले आत आले. हनुवटी टेकवायच्या पट्टीवर त्यांनी सवयीने हनुवटी ठेवली, कपाळ पुढे दाबलं आणि शेवटपर्यंत गुमान बटणं दाबली. संपल्यावर त्यांनी प्रज्ञापुढे हात पसरला.

"काय पाहिजे, काका?"

"नंबर दे ना. चष्म्याचा."

निलेशने कुणाला काय सांगितलं होतं देव जाणे, पण वाड्यात बातमी फुकट डोळे तपासणीची गेली होती. प्रज्ञाने काकांना शांतपणे समजावलं. नंबर आम्ही काढत नाही, डोळे तर तुमचे छान आहेत, आम्ही फक्त मेंदू कसं काम करतो ते बघतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग बाहेर जाऊन त्यांनी रांगेला एका वाक्यात निकाल सांगितला.

"डोळ्यांचं काय नाय रे. डोकं तपासतायत."

आम्ही बाहेर येईपर्यंत बोळ मोकळा. नेमके तेव्हाच खेडेकर सर तिकडून चालले होते. त्यांनी रिकाम्या बोळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि सहानुभूतीने म्हणाले, "प्रतिसाद कमीच आहे, नाही?"

* * *

मग निलेशने नातेवाईक आणायला सुरुवात केली, कारण ते पळून जाणार कुठे. त्याच्या दोन आत्या एकत्र आल्या. दोघी जेटीवर लिलावात मासळी घेऊन बाजारात विकणाऱ्या, आवाजाने आणि मनाने खणखणीत. थोरली पडद्यासमोर बसली. धाकटीला आम्ही मागे, प्रज्ञाच्या लॅपटॉपशेजारच्या स्टुलावर बसवलं.

प्रज्ञाच्या प्रोग्रॅमची रीत अशी की उत्तर बरोबर आलं की पुढचं कोडं अवघड होतं, चुकलं की सोपं. प्रत्येक माणूस कुठेतरी जाऊन अडकतो, आणि तो जिथे अडकतो तेच आम्हाला हवं असतं. थोरली आत्या अडकेचना. ठिपक्यांची दिशा कळेनाशी झाली, मला तर पडद्यावर नुसती वाळू उधळल्यासारखं दिसत होतं, तरी आत्या बरोबर. प्रज्ञाचे डोळे चमकायला लागले. ती माझ्या कानात म्हणाली, "सर, असं कुठल्याच पुस्तकात नाही. हेच समितीला दाखवू."

मॅडम मागे उभ्या राहून बघत होत्या. त्या पुढे झाल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आत्या, आता जरा डोळे मिटून करता का?"

आत्यांनी डोळे मिटले. उत्तरं बरोबर. पुन्हा बरोबर. पुन्हा बरोबर.

मी तर घाबरलोच. मॅडम मात्र वळून धाकटीला म्हणाल्या, "तुम्ही जरा हातातल्या बांगड्या धरून बसा बघू."

प्रज्ञाने स्वतःचा कोड तपासता यावा म्हणून लॅपटॉपवर प्रत्येक कोड्याचं बरोबर उत्तर दिसेल अशी सोय केली होती. धाकटीने ते पहिल्या मिनिटात ओळखलं होतं. लॅपटॉपवरचा बाण उजवीकडे झाला की बांगड्या वाजायच्या, डावीकडे झाला की गप्प. दोघींनी काही ठरवलेलंही नव्हतं. लिलावात उभं राहून एकमेकींच्या खुणा ओळखायची त्यांना आयुष्यभराची सवय.

निलेश लाजेने लाल झाला. धाकटी आत्या मात्र प्रज्ञावरच उखडली. "माझी बहीण चार माणसांसमोर चुकतेय आणि मी बघत बसू? तुला बहीण नाय वाटतं!"

* * *

खंडेनवमीला निलेश घरी जाळी आणि बोटीचं इंजिन पुजतो, मग लॅबला येतो. आमच्या वस्तूही त्याने तशाच मनापासून पुजल्या. कॅमेऱ्याला हळद-कुंकू लावायला निघाला होता, ते मी हातापाया पडून थांबवलं. मॉनिटरला मात्र झेंडूचा हार घातला. छान दिसत होता, खोटं कशाला बोलू.

सुट्टी संपवून आलो तर प्रयोग सुरू होईना. आमच्या मॉनिटरच्या कोपऱ्यात एक छोटा सेन्सर चिकटवलेला असतो. चित्र पडद्यावर नेमकं कुठल्या क्षणी उमटलं ते तो प्रोग्रॅमला कळवतो. तो म्हणत होता, पडद्यावर काहीच उमटत नाही. डोळ्यांना तर सगळं दिसत होतं. प्रज्ञाने केबल बदलली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, मी कॉम्प्युटर उघडून धूळ पुसली. समिती जवळ येत चाललेली आणि आमचा सेन्सर आंधळा.

हे सॉफ्टवेअर ज्या परदेशी गृहस्थाने लिहून फुकट वाटलंय, तो लोकांच्या शंकांना फोरमवर स्वतः उत्तरं देतो. प्रज्ञाने त्याला सगळं लिहिलं. त्याने बिचाऱ्याने ही सेटिंग बघ, ती ओळ बदल, असं पुष्कळ सुचवलं. काही होईना. शेवटी त्याने लिहिलं, तुमच्या सगळ्या मांडणीचा फोटो पाठवा. तिने पाठवला.

थोड्या वेळाने उत्तर आलं. सेन्सर आणि काच यांच्यामध्ये नारिंगी रंगाचं काहीतरी दिसतंय, ते काय आहे? तुमच्याकडे ते नेहमी लावतात का?

हार काढताना झेंडूची एक पाकळी सेन्सरखाली अडकून राहिली होती. प्रज्ञाने ओशाळून मॅडमना विचारलं, याला काय लिहू? मॅडम म्हणाल्या, "लिही की नेहमी नाही, वर्षातून एकदा."

त्या सॉफ्टवेअरचं एक मदतीचं पान आहे. सेन्सर काम करत नसेल तर काय बघावं, ते जगभरच्या लोकांसाठी तिथे क्रमाने लिहिलेलं आहे. केबल नीट लागली आहे का पाहा. चिकटपट्टी सुटली आहे का पाहा. महिन्याभराने मी सहज ते पान उघडलं, तर खाली एक नवी ओळ होती. "फूल आहे का पाहा."

* * *

चित्रांचं असंच झालं. माणूस वस्तू किती पटकन ओळखतो हे बघायला चित्रांचे तयार संच मिळतात, तेही फुकट. आम्ही एक परदेशी संच उतरवून घेतला. त्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी होती. सगळी रत्नागिरी म्हणाली, जेसीबी. त्यांच्याकडे आग विझवायला रस्त्याच्या कडेला पाण्याचा लाल खांब असतो, त्याचं चित्र होतं. कुणी म्हणालं नळ, कुणी मैलाचा दगड. एक बाई बराच वेळ बघून म्हणाल्या, "असेल कुणाचातरी देव," आणि लगेच हात जोडून मोकळ्या झाल्या. प्रोग्रॅमच्या मते आमच्या जिल्ह्यात कुणालाच धड काही ओळखता येत नव्हतं.

प्रज्ञा चिडली. ही नुसती गंमत नव्हती, तिचा सगळा डेटा वाया जात होता. तिने आपला स्वतःचा संच करायचं ठरवलं. आठवडाभर ती आणि निलेश कॅमेरा घेऊन फिरले. एसटी, होडी, जाळं, रहाट, जांभ्याचा चिरा, विळी. फोटो नीट कापले, सगळ्यांचा उजेड सारखा केला आणि संच सगळ्यांसाठी वेबसाइटवर ठेवून दिला. "आपण एवढं फुकट घेतलं, थोडं तरी परत करूया," म्हणाली. मला त्या दिवशी त्या पोरीचा फार अभिमान वाटला, आणि तसं मी तिला तोंडावर सांगितलंसुद्धा.

काही दिवसांनी लांबच्या एका लॅबकडून मेल आली. संच उत्तम आहे, आम्ही वापरतोय, आभार. फक्त एका चित्राची अडचण आहे. आमच्याकडे एकाने ते वाद्य आहे असं सांगितलं, एकाने व्यायामाचं साधन, आणि एकजण ते बघून प्रयोग अर्ध्यात सोडून गेला. सोबत चित्र जोडलं होतं. विळी.

मॅडमनी त्यांना सविस्तर समजावून लिहिलं. पाटावर पाय दाबून बसायचं, पातं आपल्याकडे तोंड करून उभं असतं, दोन्ही हातांनी मासा धरून त्यावर कापायचा. लगेच उलट प्रश्न आला, हे सुरक्षित असतं का?

मॅडमना विळीची सवय नाही, त्यांच्या घरी सुरी. त्यांनी निलेशला विचारलं. निलेश चहाचे कप विसळत होता. विचार करून म्हणाला, "माशाला नाय."

मॅडमनी तेच भाषांतर करून पाठवलं.

* * *

आणि मग समिती आली.

अध्यक्ष एक बाई होत्या, अतिशय गंभीर, चष्म्यावरून बघणाऱ्या. बरोबर दोन सभासद. मागे प्राचार्य, आणि बाजूला खेडेकर सर, इस्त्रीचा शर्ट घालून. खोलीत सगळ्यांना पुरतील एवढ्या खुर्च्या नव्हत्या, म्हणून कुणीच बसलं नाही.

प्रज्ञाने आदल्या दिवसापर्यंत सगळं पाठ केलं होतं. तिने कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर निळा रंग आला आणि त्यावर अक्षरं. अपडेट होत आहे, कृपया बंद करू नका.

आम्ही थांबलो. खाली एक गोल फिरत होता, तो फिरतच राहिला. खेडेकर सरांनी घड्याळात बघितलं. प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले, जणू ते अपडेट मी घरून आणलं होतं.

अध्यक्षबाईंनी फाइल मिटली. "मला एक सांगा," त्या प्रज्ञाला म्हणाल्या. आवाज वाईट नव्हता, पण थंड होता. "तुमची पुस्तकं इंटरनेटवर, लेक्चर्स इंटरनेटवर, सॉफ्टवेअर इंटरनेटवर. हे सगळं कुठेही बसून होतं. मग या खोलीत मला दाखवण्यासारखं काय आहे?"

मॅडमनी काही बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी प्रज्ञा पुढे झाली. ती अध्यक्षबाईंना म्हणाली,

"मॅडम, तुम्ही इथे उभ्या राहा. डावा डोळा हाताने झाका. समोर भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावरच्या लाल तारखेकडे बघा. नजर तिथून हलवायची नाही." मग ती वळली. "खेडेकर सर, तुम्ही कॅलेंडरच्या उजवीकडे भिंतीशी उभे राहता का? जरा वाका. अजून थोडं उजवीकडे. अजून थोडं. बास, तिथेच."

खेडेकर सर तिथेच थांबले.

"मॅडम, सर दिसतायत?"

अध्यक्षबाई एक डोळा झाकून तारखेकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "शर्ट दिसतोय."

"आणि वर?"

"वर काळी भिंत आहे." त्यांनी नजर तारखेवरून अजिबात हलवली नाही. "अहो, यांचं डोकं कुठे गेलं?"

"मी इथेच आहे, मॅडम," खेडेकर सर घाईघाईने म्हणाले.

"आवाज येतोय तुमचा. हलू नका."

प्रज्ञाने सांगितलं. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते, तेवढ्या जागेत आपल्याला काहीच दिसत नाही. प्रत्येकाला, जन्मापासून. पण कुणालाच ते भोक जाणवत नाही, कारण मेंदू आजूबाजूचा रंग घेऊन ते बुजवून टाकतो. आता त्याने भिंतीचा काळा रंग घेतला. तो हे कसं करतो, किती पटकन करतो, किती माणसांत सारखं करतो, ते मोजायला काळोख लागतो आणि माणसं लागतात. "पुस्तकं कुठेही मिळतील, मॅडम. माणसं इथे येतात."

अध्यक्षबाईंनी हात खाली घेतला, दोन्ही डोळ्यांनी खेडेकर सरांना नीट बघून घेतलं, परत डोळा झाकला. मग सभासदांना एकेक करून तिथे उभं केलं. मग प्रश्न सुरू झाले, आणि चहा गार झाला तरी संपेनात. निलेशने मागे उभ्या उभ्या दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून घेतले. अपडेट अजून चालूच होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

खेडेकर सर एवढा वेळ तिथेच वाकून उभे होते, कारण त्यांना हला म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी ते वैतागून पुढे आले. "अहो, मला पण बघू द्या की. माझंच डोकं घालवताय आणि मलाच दाखवत नाही?"

प्रज्ञाने त्यांना जागेवर उभं केलं. डावा डोळा झाका, तारखेकडे बघा. भिंतीशी मी जाऊन उभा राहिलो. मग त्यांचा चेहरा हळूहळू असा उजळला, की इतक्या वर्षांत मी तो तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी डोळा उघडला, परत झाकला, परत उघडला.

"सर, खोलीचं मग..." प्राचार्यांनी मागून काहीतरी सुरू केलं.

"खोली राहू दे हो त्यांच्याकडेच," खेडेकर सर म्हणाले. डावा डोळा त्यांनी पुन्हा घट्ट झाकला होता, नजर तारखेवर. "सावंत, तुम्ही बाजूला व्हा. जरा प्राचार्यांना तिथे उभं करा बघू."